सागरेश्वरच्या डोंगरातला डबा

ती. अण्णा,

नमस्कार. आणि नमस्कारापाठोपाठ भांडणही! सागरेश्वरच्या डोंगरात तुम्ही लपवलेला शेवटचा डबा काल मला सापडला, म्हणून तर लिहायला बसले.

असं करतात का हो? डबा लपवून आलात, "खुणांची चिठ्ठी रविवारी देतो" म्हणालात, आणि गुरुवारीच कायमचे निघून गेलात. आपल्या डबे हुडकायच्या खेळातल्या बाकीच्या तिघांना एसटीडी बूथवरून फोन मीच केला. पुढं चिठ्ठीशिवाय आम्ही चौघांनी दर रविवारी तो डोंगर पालथा घातला. पाऊस सरला, थंडीही सरली.

लग्न होऊन आष्ट्याला आले तेव्हा वाटलं होतं, सासरे रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर, घरात बसून असतील. तुम्ही पहिल्याच रविवारी सासूबाईंना म्हणालात, "भाकरी बांधून दे, पोरीला डोंगर दाखवून आणतो." शेजारणी काय काय बोलल्या! सून म्हणे सासऱ्याबरोबर रानात डबे शोधत फिरते. तुम्ही मनावरच घेतलं नाहीत. किती बरं केलंत!

अभयारण्याच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यानं एकदा हटकलं होतं. "आवं मास्तर, गुप्तधन हुडकताय का काय?" तुम्ही गंभीर चेहऱ्यानं म्हणालात, "व्हय. गावलं तर निम्मं तुझं." बिचारा संध्याकाळपर्यंत आपल्यामागं हिंडला आणि डब्यातून निघाली काचेची गोटी!

काल बाकीचे आपट्याखाली जेवत होते. मी ओढ्याकडं गेले, तर कपारीच्या तोंडाशी एक सपाट दगड उभा लावलेला. तुमचीच सवय! डबा उघडला. तुमच्या रुमालात गुंडाळलेलं तुमचं होकायंत्र! ते आम्ही घरभर शोधत होतो. तुम्हाला कळलं होतं का, अण्णा? मग आम्हाला का नाही सांगितलंत?

रुमालाशेजारी बैलाचं घुंगरू, सायकलचा छर्रा आणि क्रोशाचं फूल. म्हणजे आपले गुरांचे डॉक्टर, सायकलदुकानवाले बाळूभाऊ आणि विणकामवाल्या कुंदाताई, तिघांनाही डबा आधीच सापडला होता! आपला नियम, एक वस्तू घ्यायची, एक ठेवायची, आणि ज्यानं घेतली त्यानं पुढचा डबा लपवायचा. ठेवलं तिघांनी. घेतलं कुणीच नाही. तुमच्या जागी उभं राहायला कुणाचं मन धजलं नाही. आणि दर रविवारी साळसूदपणे हुडकत होते, लबाड!

मी हातातली हिरवी बांगडी काढून ठेवली आणि होकायंत्र घेतलं. खाली आले तर बाळूभाऊ, "वैनी, गावलं का काय?" मी मान हलवली. नाही. "मग काय, फुडल्या रविवारी बगू की!" तिघांचे चेहरे असे खुलले की मला पुढं बोलवेना.

फार आठवण येते हो तुमची. डबा सापडत नव्हता तोवर तुम्ही कुठंतरी आमच्या पुढं चालताय असंच वाटायचं. पण आम्ही असंच हुडकत राहिलो तर नवा डबा लपवणार कोण?

म्हणून आज शब्द देते. येत्या रविवारी होकायंत्र सगळ्यांसमोर बाहेर काढीन. डॉक्टर रागावतील, कुंदाताई रडतील. रडू देत. मग पुढं मी चालेन. वाट चुकले तर चुकले, पण मागं वळून "अण्णा, इकडूनच ना?" असं विचारणार नाही.

तुमची सून,
वैजयंता