वह्या शिवायला माझंच नाव का घेतलंत?

सुशीलाबाई,

मला विचारायचं तरी होतं. नांदेडच्या दवाखान्यात हेडसर भेटायला आले, तर तुम्ही पडल्या पडल्या सांगून मोकळ्या, "पोरांना वह्या शिवायचं आता कमल शिकवील." कमल कोण? शाळेत खिचडी शिजवणारी, तिसरीतच शाळा सुटलेली. आणि आठ दिवसांत तुम्ही गेलात. आता भांडू कुणाशी? म्हणून लिहून राहिले.

सर म्हणाले, "अक्का, बाईंचा शब्द हाय. जमत नसंल तर सांगा, देगलूरहून तयार वह्या आणतो. विषय संपला." विषय संपला म्हणे! तुम्ही इतकी वर्षं पोरांचे हात धरधरून शिकवलं, ते असं संपायचं?

म्हणून गेल्या शनिवारी बसले पोरांना घेऊन लिंबाखाली. जुन्या वह्यांतली कोरी जोडपानं, सुया, दोरा, सगळं तुमच्याच डब्यातलं. मला वाटलं, त्यात काय, जन्मभर गोधड्या शिवल्या. कडेकडेनं बारीक टाके घालायला लावले, ओढून घट्ट. चौदा वह्या झाल्या. एकही उघडंना. अर्धं पान शिवणीतच गेलेलं. पाचवीतली लक्ष्मी वही फिरवून फिरवून बघते आणि म्हणते, "अक्का, ही लिहायची का पांघरायची?"

सगळी हसली. मी "उठा, जावा घरी" म्हणून ओरडले. पोरगी खरं बोलली, त्याचाच राग आला मला.

चार वर्षं तुम्ही हाक मारत होतात. "कमल, बस घडीभर. हात चांगला हाय तुझा." आणि मी काय म्हणायची? "बाई, भात करपंल." भात कधीच उतरवलेला असायचा. तुम्ही फळ्यावर काही लिहाल आणि सगळ्यांसमोर मला वाचायला लावाल, याची लई भीती होती. तुम्हाला कळलं होतं का ते? कळलं असंल तर एकदा म्हणायचं, की इथं वाचायचं काही न्हाई, नुसतं शिवायचं हाय. लगेच येऊन बसले असते मी.

अक्षर गिरवायला म्हणून तुम्ही मला एक वही शिवून दिली होती. ती कोरीच होती पेटीत. रविवारी काढली आणि उसवली. जीवावर आलं, पण शिकायला दुसरं होतं काय माझ्याकडं? तेव्हा कळलं, शिवण कडेला न्हाईच, घडीच्या पोटात हाय. तीन भोकं. मधल्यातून सुई बाहेर, वरच्यातून आत, मधलं सोडून खालच्यातून बाहेर, परत मधल्यातून आत, आणि गाठ. सहा वेळा चुकले. सातव्यांदा वही नीट उघडी राहिली. तिच्यातच हे एकेक अक्षर जुळवत लिहून राहिले.

या शनिवारी त्या चौदाही वह्या उसवून नीट शिवून घेईन. लक्ष्मीला माझ्या शेजारी बसवीन, ओरडणार न्हाई. हा माझा शब्द. पण दर शनिवारचं मी सरांना अजून हो म्हटलेलं न्हाई.

आधी तुम्ही सांगा. मला जमंल असं खरंच वाटलं होतं, का दुसरं कुणी नव्हतं म्हणून माझं नाव घेतलंत? शुक्रवारी दिवस मावळेपर्यंत कळवा. स्वप्नात या, न्हाईतर कसंही. गप राहिलात तर खरंच वाटलं होतं असं धरीन आणि सरांना हो सांगीन. मग वरून चुका काढायच्या न्हाईत.

तुम्ही न विचारता नेमलेली,
कमल