पाव्हणीचे जवस

माय, आपल्या बीबी गावाला येऊन आज आठवा दिवस. एकटीपुरता चहा करते आणि हात अजून दोन कप काढतो. तू गेलीस त्याला दहा वर्षं झाली, पण हाताला कुणी कळवलेलं दिसत नाही.

ती परदेशी पाव्हणी आठवते तुला? आमचं तेलबियांचं काम पाच-सहा देश मिळून करायचे. कुणी पामवर, कुणी तिळावर, ती आणि मी जवसावर. गावातले जवस मर रोगानं उभ्या उभ्या वाळले, त्या साली तुझ्या शेताच्या धुऱ्यावरचे, बांधावरचे तेवढे टिकले, म्हणून मी तिला घरी आणलं. "हिला थोडे जवस दे," एवढंच तुला म्हणाले. पेरायला हवेत, हे सांगायचं मला सुचलं नाही. मी मोठी शास्त्रज्ञ ना. तू चुलीपाशी बसलीस आणि जाताना तिच्या हातात एक पुरचुंडी ठेवलीस. ती वाकून तुझ्या पाया पडली.

काही महिन्यांनी तिचं पत्र आलं. एकही दाणा उगवला नव्हता, कारण दाणे भाजलेले होते. मी ऑफिसातूनच तुला फोन लावला.

"एवढ्या दूरची पाव्हणी, तिले कच्चं कसं द्यावं?" तू म्हणालीस.

"तुझ्या अडाणीपणापायी माझी मान खाली गेली," मी म्हणाले. चार लोक ऐकत होते, तरी म्हणाले.

"मले काय मालूम, बाई," म्हणालीस आणि फोन ठेवलास. त्यानंतर मी तुझ्याकडे जवस कधी मागितले नाहीत.

आता तिकडच्या पिकावर मर आली आहे आणि त्यांनी पुन्हा विचारलंय, ते जवस मिळतील का? गावात सगळीकडे सोयाबीन, जवस कुणी पेरत नाही. शेजारच्या काकीनं मात्र आपल्या डब्यातून एक पुरचुंडी काढून दिली. "तुही माय दरसाली नवे जवस बियाले म्हनून राखेत घोळून बांधे. म्हने, पोरगी मांगन. हे शेवटचे, माह्यापाशी ठेवून गेली." मी काकीसमोर रडले नाही, घरी येऊन रडले.

दाणे ओल्या फडक्यात ठेवलेत. बुळबुळीत झाले, पण मोड एकालाही नाही. तिकडे काय कळवायचं ते कळवीन. हा कागद कुठं पाठवणार? उरलेल्या दाण्यांबरोबर बांधून ठेवते.

एक मात्र तुला सांगायचं राहिलंय. त्या पत्रात खाली आणखी दोन ओळी होत्या. पेरून उरलेले तुझे भाजलेले जवस त्यांनी सगळ्यांनी मिळून पावावर घालून खाल्ले होते. तिनं लिहिलं होतं, आईंना सांग, फार चवदार होते, आणि पुढच्या खेपेला थोडे कच्चेही द्या म्हणावं. मी तुला फक्त वरचं सांगितलं.