दोन ठोके म्हणजे चालू द्या

४ मार्च
झरीला आले. वनोपज केंद्राची व्यवस्थापक म्हणून दोन वर्षांची नेमणूक. खोली स्वच्छ, वर पत्रा, अंगणात पळस फुललेला. निवृत्तीनंतर घरी बसून सुनेच्या स्वयंपाकाला नावे ठेवण्यापेक्षा हे बरे. केंद्राची पिकअप जुनी, पण पहिल्या किल्लीला सुरू झाली. आधीचा ड्रायव्हर रामलाल एका दुपारी ती फाटकाशी उभी करून पायीच चालत निघाला. हाका मारल्या तरी थांबला नाही, असे चौकीदार मारोतराव म्हणाले. बेशिस्त माणूस. गाडी मीच चालवीन.

६ मार्च
गाडीखालून टक-टक येते. मी तीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवले. अंदाजपंचे पार्ट बदलू देणार नाही. न्यूट्रलमध्ये उतारावर सोडली तरी आवाज येतो, म्हणजे इंजिन नव्हे. वळणावर वाढत नाही, म्हणजे चाकाचे बेअरिंगही नसावे. उरतो शाफ्टचा क्रॉस, म्हणजे त्याचा सांधा, नाहीतर मागचे डिफरन्शियल.

९ मार्च
तांड्यावरून देवसिंग मिस्त्री आला. डबा घेऊन बायको हंसाबाई सोबत. क्रॉस बदलला; आवाज कायम. मग त्याने आपली रीत सांगितली. एकाने चालवायचे, दुसऱ्याने मागे डाल्यात, म्हणजे माल ठेवायच्या उघड्या हौद्यात, पालथे पडून पत्र्याला कान लावायचा. केबिनवर एक ठोका म्हणजे थांबा, दोन म्हणजे चालू द्या. मी बजावले, ओरडायचे नाही, माझे लक्ष विचलित होते. फक्त ठोके. हंसाबाई नवऱ्याला म्हणाली, "आता मॅडमच्या वर्गात बसला तू. मुकाट्यानं राह्यजो."

१० मार्च
सकाळी पांढरकवड्याकडे निघालो; देवसिंग मागे डाल्यात. नाल्याच्या उतारावर गाडी जोरात आदळली. लगेच दोन ठोके. वेग वाढवला. पुन्हा दोन. तासभर अगदी नियमाने येत राहिले. गावात पोचून मागे गेले.
डाला रिकामा होता.

११ मार्च
देवसिंग नाल्यातल्या खडकांवर सापडला. गुराख्याने त्याला पडताना लांबून पाहिले. गुराखी पोचेपर्यंत जीव गेला होता. तो ओरडला नाही, असे गुराखी म्हणाला. मीच बजावले होते.
काहून थांबल्या नाही, हंसाबाईने विचारले. दोन ठोके येत होते, मी म्हटले.
"मंग ते ठोके कोणं देल्ले?"

१४ मार्च
बॅटरी काढली. शाफ्ट उतरवून ओट्यावर ठेवला. दुपारी उभ्या गाडीतून ठोके. दोन. मारोतरावांना ऐकू येत नाहीत.

१५ मार्च
जाऊन केबिनवर मीच एक ठोका दिला. थांब.
उत्तर आले. दोन.

१७ मार्च
आता गाडीतून नाही. माझ्या खोलीच्या पत्र्यावर—
मारोतरावांनी विचारले, सकाळपासून फाटकाशी कायले उभ्या आहात. मला आठवत नाही. रामलाल बेशिस्त नव्हता.

१८ की १९
चपला पायात आहेत. दार मी उघडले नाही— एक हवा. कुणीतरी एकच ठोका द्या, मी थांबते. थांबेन. नियम मी कधी मोड—
दोन.
वही खाली ठेव— नाही, अजून हे लि