कंपनीचं हेड की बाहेरचं?

३ मार्च, सोमवार

गेली जीप! नदीवरून, ग्वारीघाटाहून परतताना काटा लालमध्ये, बॉनेटमधून पांढरा धूर, आणि खल्लास. बाबा शेजारी शांत बसलेले. म्हणाले, "गॅस्केट. पाणी तेलात गेलं." सकाळी जेवलो की नाही ते आठवत नाही या माणसाला, पण गॅस्केट आठवतं! वाहन कारखान्यात जन्मभर इंजिनं तपासली, तेवढंच शिल्लक राहिलंय डोक्यात.

टोचन लावून गोहलपूरला इस्माईल भाईंच्या गॅरेजात सोडली. ऑटोत बाबा सारखे मागे वळून बघून राहिले. गाडी कुठाय? गाडी कुठाय? कांचघरपर्यंत तेच.

४ मार्च

इस्माईल भाईंनी इंजिन उघडलं. "दीदी, गॅस्केट तो गया ही, हेड भी क्रॅक है." इंजिनाच्या वरच्या झाकणात, दोन व्हॉल्व्हच्या मधे केसासारखी चीर. वेल्डिंग? "टर्बो गाड़ी है, प्रेशर नहीं झेलेगी." म्हणजे हेड नवीनच.

बाहेरच्या कंपनीचं ॲल्युमिनियमचं हेड त्यांच्याकडे तयार आहे, परवा बसवून देतात. टर्बोची गरमी लवकर सोडतं म्हणे. मूळ कंपनीचं लोखंडी हेड आता बनतच नाही. नागपूरच्या एका डीलरकडे असेल तर असेल, यायला दोन-तीन आठवडे. यात विचार काय करायचा? मी हो म्हणणारच होती. सहज विचारलं, आवाज तोच राहील ना? "आवाज़ तो बदलेगी, दीदी. थोड़ी खड़खड़ करेगी."

हो न म्हणताच घरी आली.

आवाज बदलून कसं चालेल! दिवसभर बाबा भिंतीकडे बघत बसतात. पण संध्याकाळी घाटावर जायला मी अंगणात जीप सुरू केली की आपले आपण उठतात, चपला घालतात, बाहेर येऊन म्हणतात, "यामिनी, घाई नको करू. गरम होऊ दे." दिवसातून तेवढंच एकदा माझं नाव येतं त्यांच्या तोंडी. त्या आवाजाला ओळखतात ते, मला नाही. मी त्या आवाजाबरोबर येते म्हणून माझं नाव.

६ मार्च

रेती! हेडच्या पाण्याच्या वाटांतून मूठभर रेती काढून इस्माईल भाईंनी माझ्यासमोर पेपरवर ओतली. वाटा बुजल्या, म्हणून तापलं, म्हणून फाटलं. रेती आली कुठून? घरी येऊन बाबांना विचारलं. सरळ म्हणाले, "मैयाचं पाणी घालतो ना रोज."

मी घाटावर दिवा सोडायला जाते तेवढ्यात हे नदीतून पूजेचा लोटा भरून आणतात आणि रेडिएटरला पाजतात. लोक नवीन गाडीच्या बॉनेटवर चार थेंब शिंपडतात, तेवढ्यात भागतं. आमच्याकडे रोजचा अभिषेक, आतून! याच माणसानं कारखान्यात कूलंटऐवजी नळाचं पाणी घातलं म्हणून लोकांना फाडून खाल्लं होतं. आधी हसली मी. मग न्हाणीघरात जाऊन रडली.

इस्माईल भाई फोनवर म्हणाले, "गुस्सा मत करो, मैया का पानी है. पर एल्युमिनियम को ये जल्दी खा जाएगा."

९ मार्च, रविवार

अंबरीशचा पुण्याहून फोन. "ताई, विकून टाक ते भंगार. बाबांना कॅबनं नेत जा." पुण्यात बसून बोलायला काय जातं या भावाचं! तरी नेलं आज कॅबनं. बाबा पाहुण्यासारखे अंग चोरून बसले, घाटावर उतरलेच नाहीत. रात्री जेवले नाहीत.

१० मार्च

आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, तशी गत आहे. बाहेरचं हेड परवा बसेल, पण तो आवाज बाबा ओळखणार नाहीत. कंपनीचं ओळखतील, पण ते येईपर्यंत यांच्यात ओळखणारं कोणी उरेल का?

नागपूरला हो सांगून टाकलं. जे होईल ते होवो.

१४ मार्च

होळीचा रंग. गॅरेज बंद. बाबांना गुलाल लावला तर घाबरले.

१९ मार्च

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! हेड आलं, पण बिनटर्बोच्या मॉडेलचं. परत गेलं. अजून आठवडा.

आज बाबांनी मला "दीदी" म्हटलं. बीपी मोजायला येते त्या नर्सला म्हणतात तसं. मी ओरडली, "काहून बाबा, दीदी काहून? मी यामिनी!" ते भिंतीला टेकले, हात वर केले. मारेन असं वाटलं असेल त्यांना. ओरडायला नको होतं मी.

२४ मार्च

दिवाळीच्या व्हिडिओत जीपचा आवाज आहे. फोन त्यांच्या कानाशी धरला. फोनकडे बघितलं, मग टीव्हीकडे. काही नाही.

"बाहर वाला अभी भी रखा है, दीदी," इस्माईल भाई आज म्हणाले. त्यांच्यावरही भडकली. बाहेरचं घेतलं असतं तर कधीचे जीपमध्ये बसले असते. नवीन आवाजाची सवय झालीही असती चार दिवसांत. झालीही नसती. आता कोण सांगणार? मला काही सुचत नाही, झोप नाही, शाळेत पोरांवर चिडचिड. कशालाच अर्थ राहिला नाही.

२९ मार्च, शनिवार

आली! इस्माईल भाई स्वतः घेऊन आले, मी अंगणात सुरू केली. तोच आवाज, अगदी तोच!

आणि बाबा उठले. आपले आपण. चपला घातल्या, बाहेर आले, बॉनेटवर हात ठेवून डोळे मिटले. मग म्हणाले, "तीन नंबरचा टॅपेट ढिला आहे." इस्माईल भाईंनी तपासलं. खरंच ढिला! ते बाबांच्या पाया पडले, मी दारात उभी राहून वेड्यासारखी हसून राहिली. नाव नाही घेतलं माझं. घेतील. उद्या घाटावर नेते.

बॉनेटला कुलूप लावून घेतलं. शिवाय पूजेचा लोटा लपवला.

३० मार्च, पाडवा

घाटावर पोचलो. बाबा उतरेनात. हात जोडून मला म्हणाले, "बाई, तुम्ही इथवर सोडलं, फार उपकार झाले. आता तुम्ही निघा. माझी मुलगी येऊन राहिली मला घ्यायला. यामिनी नाव तिचं. ती आल्याशिवाय मी कुठं जात नाही."

मी म्हटलं, येईल. दोघं वाट बघत बसलो.