निरगुडीचं मूळ

३ जून १९९४
आले एकदाची बरकतपुऱ्यात! खोली लहान, पण खिडकीतून अंगण दिसतं आणि अंगणात निरगुडी! इथले तेलुगू लोक तिला वाविली म्हणतात. मालनबाईंचे गुडघे शेकायचं काम. आप्पा आता नाहीत, पण पाला बांधायची सगळी विद्या त्यांनी लेकीला घरातच शिकवली. मला बघताच मालनबाईंनी मुलाला, गौतमदादांना विचारलं, ही काडी मला उचलणार की मी हिला? सगळे हसले, मीही.
आप्पांचा नियम पाळला. तोडण्याआधी झाडाला विचारलं आणि वापरलेली पानं त्याच्याच मुळाशी पुरली. दुखणं पानांत उतरतं. बाहेर टाकली, तर ज्याच्या पायाखाली येतील त्याला धरतं.

१४ जून
मालनबाई जिना चढल्या! निरगुडीच्या पेरांना मात्र गाठी आल्यात, फांद्या वाकल्यात. कीड असेल.

२ जुलै
बाजारातून परतले तर निरगुडी नाही. नव्या मारुती गाडीसाठी गौतमदादांनी अंगणभर सिमेंट टाकून घेतलंय. पाला नामपल्लीच्या बाजारातून आणत जा म्हणाले, वापरलेला कचराकुंडीत टाक. पण कुंडी उपसायला झाडूवाली जयवंता अनवाणी येते. तिला बाधला तर? मडक्यात भरून माझ्या खाटेखाली ठेवला.

२० जुलै
पोरीच्या हाताला गुण आहे, असं मालनबाईंनी गल्लीभर सांगितलंय. कुणाची कंबर, कुणाची मान, कोपऱ्यावरच्या मावशींची दाढ. गौतमदादा म्हणतात, जमाना खुला झालाय, आपणही कंपनी काढू. फार थकते. सकाळी माझेच गुडघे सरळ होत नाहीत. खाटेखाली मडक्यांना जागा उरली नाही.

५ ऑगस्ट
मडकी ओढायला वाकले, कंबर तिथंच धरली. आतला पाला वाळलेलाच नाही. ओला, कोमट. मान वळत नाही. मावशी आता दाढेनं सुपारी फोडतात — माझा जबडा —

७ ऑगस्ट
उठवत नाही. मडकी घेऊन जाऊ का, जयवंतानं विचारलं. हातानंच नको म्हटलं. तिला लहान मुलं आहेत.
संध्याकाळी मालनबाईंनी आखडल्या बोटांची बाई आणली. पोरीचे हात तर चलते ना, म्हणाल्या. बांधला पाला.

८ ऑगस्ट
ती बाई परत आली. हसत बोटं मोडून दाखवली. कालचा पाला माझ्या खाटेखाली सारला — दारात आणखी बायका — ओरडायचंय, तोंड उघडत नाही — लिहूनच दाखवते त्यांना, मला न—