अंबाडीचा वाफा

गुरुजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्याविषयी बोलायला गावात आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. गेल्या आठवड्यात नातीच्या शाळेत मला बोलावलं होतं. तिथे परसबाग करायची आहे आणि काय लावावं, यावर बाईंचं एकमत होईना. मी म्हातारी, जुनी मास्तरीण, म्हणून मला विचारलं. मी उत्तर द्यायला उभी राहिले आणि तुमचंच सांगत बसले.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. चौक गावच्या बाजारात तांदूळ मिळेनासा झाला होता आणि शाळांनी भाजीपाला पिकवावा असा वरून हुकूम आला होता. हुकमाबरोबर बियांच्या पुड्याही आल्या, कोबीच्या आणि टोमॅटोच्या. तुम्ही दोरी लावून सरळ वाफे काढलेत. कोबी काही धरला नाही. आम्हाला त्याचं वाईटही वाटलं नाही, कारण आमच्यापैकी कुणी कोबी खाल्लेलाच नव्हता. मग एका सकाळी तुम्ही फळ्याकडे पाठ करून म्हणालात, "ज्याच्यावाचून तुमच्या घरचं जेवण अडतं, ते प्रत्येकानं आणायचं. बी आणा, कांडी आणा, मुळी आणा."

मी अम्माला सांगितलं. तिने मागच्या दारची पुदिन्याची मुळी काढली, ओल्या फडक्यात बांधली आणि पुन्हा सोडली. "आपला पाला त्यांच्या वाफ्यात कशाला गं? उगाच बोल लागंल." गावात मुसलमानांची घरं मोजकीच. अब्बांच्या दुकानात सगळे येत, पण आमच्या चुलीपर्यंत कुणी येत नसे. शेवटी अब्बाच म्हणाले, "मास्तरांनी मागितलाय, दे." डोंगरावरच्या वाडीतल्या मुलाने करांद्याचे कंद आणले आणि ते कुंपणाशी लावले. आणि माझ्या मैत्रिणीने अंबाडीचं बी आणलं.

तिची वस्ती गावाबाहेर होती. त्या वस्तीला लोक तेव्हा ज्या नावाने हाक मारत, ते मी इथे लिहीत नाही. तिचा स्पर्श गावाला चालत नसे, म्हणून शाळेत ती बाहेर ओट्यावर बसून शिके. पण बागेला ओटा नव्हता. तिथे ती आमच्याच रांगेत बसून खुरपी चालवी, ओढ्यावरून आमच्यासारखीच पाणी आणी. पावसाळा सरता सरता तिची अंबाडी अशी माजली की तुम्ही प्रत्येकाच्या हातात एकेक जुडी देऊन घरी पाठवलंत.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी शाळेत येत होतो. पाटलांच्या गोठ्यापुढे ती थांबली. म्हशीपुढे अंबाडी पडली होती, जुडीही न सोडलेली. तिथूनच मागे फिरली आणि मग शाळेत आलीच नाही.

तुम्ही चार दिवस वाट पाहिलीत. पाचव्या दिवशी मला म्हणालात, "चल, मला तिचं घर दाखव." मी पुढे, तुम्ही मागे. तिची आई दारात तांदूळ पाखडत होती. ती गडबडून उठली, पदर सारखा केला आणि लांब उभी राहिली. तुम्ही म्हणालात, "पोरीला पाठवा. वाफा तिच्याशिवाय ओस पडलाय."

"कशाला पाठवू, गुरुजी? आमच्या हातचं म्हशीला चालतं, माणसाला नाय."

"मला चालतं."

तिने तुमच्याकडे नीट पाहिलं. "बोलायला चालतं. जेवाल का आमच्याकडं? आज अंबाडीच हाय."

मला वाटलं, आता तुम्ही काहीतरी मोठं बोलाल, वर्गात बोलायचात तसं. तुम्ही इतकंच म्हणालात, "जेवीन. पण मला भीती वाटतेय, बाई."

ती हसली. टिंगल नव्हती त्या हसण्यात. "मलाबी," ती म्हणाली आणि आत गेली.

कण्या घालून शिजवलेली अंबाडी, वर लसणाची फोडणी, तांदळाची भाकरी. पहिल्या घासाला तुम्ही हात मध्येच थांबवलात, मी बघितलं. दुसऱ्या घासाला नाही. मैत्रीण दाराआडून बघत होती. तुम्ही तिला विचारलंत, "मीठ कमी वाटतं का गं?" ती म्हणाली, "आंबट हाय, म्हणून तसं वाटतं." मग मलाही वाढलं.

ही गोष्ट आमच्या आधी गावात पोचली. पाटलांकडे तुमचा मुक्काम होता. संध्याकाळी तुमची वळकटी ओट्यावर होती. पाटील म्हणाले, "गुरुजी, आमचा तुमच्यावर राग नाय. पण आमची चूल एकच हाय." तुम्ही वळकटी उचललीत, पाटलांना नमस्कार केलात आणि शाळेत राहायला आलात. अम्माने मूठभर पुदिना आणि कच्चे तांदूळ माझ्याबरोबर पाठवले, कोरडा शिधा घ्यायला हरकत नसते म्हणून. तुम्ही ते तसेच परत दिलेत. "अम्माला सांग, शिजवून पाठव." ते ऐकून अम्माने भात चुलीवर चढवला. मग पुदिन्याची चटणी इतकी तिखट वाटली की तुमच्या डोळ्यांतून पाणी आलं.

मैत्रीण परत आली. त्या दिवसापासून तुम्ही वर्ग बागेतच भरवू लागलात. काही मुलं यायची बंद झाली, त्यांतली सगळी काही परत आली नाहीत. एका दुपारी पाटलीणबाई कुंपणाशी आल्या. "पोरी, एक जुडी दे गं. पोरगा मागतोय." मैत्रिणीने जुडी पुढे केली. "खाली ठेव," त्या म्हणाल्या. तिने ठेवली नाही. हात पुढे करून तशीच उभी राहिली. तुम्ही शेजारच्या वाफ्यातलं गवत उपटत होतात, मान वर केली नाहीत. पाटलीणबाई निघून गेल्या. काही दिवसांनी पुन्हा आल्या आणि जुडी तिच्या हातातून घेतली. पुढच्या उन्हाळ्यात तुमची बदली झाली. त्यानंतर तुमची खबर आली ती तुम्ही गेल्याचीच.

हे सगळं त्या शाळेत सांगितलं. प्रत्येक मुलाने आपापल्या घरच्या जेवणातलं काहीतरी लावायला आणायचं, एवढंच ठरलं. पुढचं बाई बघतील. घरी आल्यावर हे लिहायला बसले. पाठवायला पत्ता नाही, तरी लिहिलं. एक सांगायचं राहिलं. एका मुलीने विचारलं, "आजी, तुमचे गुरुजी दिसायला कसे होते?" मी पटकन म्हणाले, "उंच." तुम्ही उंच होतात की नाही, मला खरंच माहीत नाही. मी तेव्हा फार लहान होते.