घरातल्या बायकांचं माप

बोरीवली,
१२ नोव्हेंबर १९८४

ती. सौ. वनमालाताईस,
प्रेमाचा शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेली आंबोशी पोचली. माणिक आता पालथी पडते आणि सासूबाईंचा चष्मा ओढते. त्यांना न भिणारी एक तरी बाई या घरात जन्माला आली म्हणायची.

हसू नकोस, पण हे पत्र ब्रासाठी लिहितेय. इथली रीत तुला ठाऊक नसेल. घरातल्या बायकांनी परक्या पुरुषाला नंबर सांगायचा नाही, म्हणून सगळ्यांच्या ब्रा हेच आणतात, मरोळहून कामावरून येताना, वर्तमानपत्रात गुंडाळून. लग्नात चौतीस आणली होती, अजून चौतीसच येते. बाळंतपणानंतर मी कुठली राहिले चौतीस? पट्टी काखेत रुतते. दूध अडून डाव्या बाजूला दगडासारखी गाठ झाली आहे, पदर लागला तरी डोळ्यांत पाणी येतं.

यांना सांगितलं तर म्हणाले, खाणं कमी कर. शेजारच्या सुंदराबाई म्हणाल्या की बाजारात नलिनीबाईंच्या दुकानात बाईच पडद्याआड माप घेते. मी जाऊन येऊ का, एवढंच यांना विचारलं. त्यांनी तांब्या फेकला तो भुवईवर बसला, मग केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. ही पहिली वेळ नाही, ताई. आजवर लिहिलं नाही इतकंच. आई गेली, आता तुझ्यावाचून कुणाला सांगू?

भावोजींना नमस्कार. माया आहे तशीच असू दे.

तुझी,
प्रेमा


कणकवली,
१९ नोव्हेंबर

चि. सौ. प्रेमास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचता वाचता चुलीवरचा भात करपला. परकर ढगळ शिवला म्हणून शिंप्याशी भांडून आलेली तू, चौतिसात इतके दिवस गप्प कशी बसलीस गं? गाठीला गरम पाण्याचा शेक दे आणि माणिकला त्याच बाजूला आधी घे.

हे तडक निघायला बघत होते. मीच अडवलं. पुरुष पुरुषाला भिडला की भरडली जाते ती बाईच. मी चंद्रप्रकाशांना वेगळं पत्र टाकलं आहे. मारण्याचा शब्दही काढलेला नाही. तुझी थोरली बहीण, त्यांची आकडसासू, या नात्याने विनंती केली, की तिला दुकानात नेऊन मापाची ब्रा घेऊन द्यावी, अंगावरचं बाळ आहे. जावई माणूस मानाने सांगितलं की ऐकतो, आपल्याकडे असंच चालत आलंय. तोवर जरा सोस. बघ, स्वतः घेऊन जातील.

माणिकचा पापा. आमचा जीव तुमच्यात आहे, विसरू नकोस.

तुझी,
ताई


बोरीवली,
२६ नोव्हेंबर

ती. सौ. वनमालाताई यांस,
चंद्रप्रकाशचा सा. न. वि. वि.

आपले पत्र पावले. आमच्या घरातल्या बायकांच्या अंगावरच्या कपड्यांची चर्चा कणकवलीपर्यंत पोचली हे वाचून मातोश्रींना फार वाईट वाटले. प्रेमास नीट समजावून सांगितले आहे. तिच्या उजव्या हातास दारात सापडून किंचित लागले आहे, त्यामुळे काही दिवस तिचे पत्र येणार नाही. काळजी नसावी.

लवूभावोजींस नमस्कार. आपला आशीर्वाद पाठीशी असावा.

आपला नम्र,
चंद्रप्रकाश


बोरीवली,
३ डिसेंबर

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर नलिनीबाईंचं आहे, शब्द माझे. माझी बोटं मोडली आहेत.

तुझं पत्र त्यांनी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. मग माझे ब्लाऊज, ब्रा, सगळं कात्रीने कापलं, माझा हात चौकटीत धरला आणि लाथेने दार लावलं. सासूबाई माणिकला घेऊन आत बसल्या होत्या. पुढे गाठ पिकली, तापाने मी बरळू लागले. ते कामावर गेल्यावर सुंदराबाईंनी मला डॉक्टरांकडे नेलं. गळू कापून पू काढला. काय भोगलं ते लिहीत नाही.

परत येताना मी हट्टाने दुकानात शिरले. नलिनीबाईंनी पाठीवरचे वळ पाहिले, काही न विचारता टेप लावली. अडतीस. बँडेजवरून सैल हुक लावून दिले आणि ताई, माझा श्वास पार पोटापर्यंत गेला. मी तिथेच रडले.

घरी हे आलेले होते. पट्टा काढून उभे. ही कुठली घातलीस म्हणून ब्लाऊजलाच हात घातला, जखमेवरच. मी डाव्या हाताने पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि त्यांच्या गुडघ्यावर घातला. ते पडले. पडल्यावर पुन्हा त्याच गुडघ्यावर घातला. दुसऱ्या घावाची गरज नव्हती, तरी घातला, आणि मला बरं वाटलं. सासूबाईंच्या हातून माणिकला ओढून घेतलं ती थेट नलिनीबाईंच्या घरी आले. ते प्लास्टरमध्ये आहेत, जिन्यावरून पडलो म्हणून सांगतात.

तुझ्या त्या मानाच्या पत्राने माझा हात गेला. मी रागावले नाही असं खोटं लिहिणार नाही. पुढच्या आठवड्यात शुक्रवारच्या एस.टी.ने यायचं म्हणते. पण चार दिवस ठेवून समजूत घालून परत धाडणार असलीस, तर आत्ताच कळव. मी दुसरीकडे बघेन.

उत्तराची वाट बघते.

प्रेमा


कणकवली,
७ डिसेंबर

चि. प्रेमास,
अ. उ. आ.

मायन्यात सौ. लिहायला हात धजला नाही.

ते पत्र मी लिहिलं, जरा सोस असंही मीच लिहिलं. माझं चुकलं आणि तुझं हाड मोडलं. यावर कसली समजूत घालू? हे पत्र घेऊन तुझे भावोजीच येत आहेत. दोघी त्यांच्याबरोबर निघा आणि कायमच्या या.

आणि तो बरा होऊन तुला न्यायला इथे आला, तर त्याचा दुसरा गुडघा मी फोडेन.

तुझी,
ताई